बिननावाचा पक्ष

"ऐका हो ऐका! आजपासनं मोरदरी संस्थानात बिगरनोंदीचा पक्ष घालायचा न्हाई हो! ज्याला पक्ष घालायचा त्यानं कचेरीत जाऊन नाव नोंदवायचं हो! न्हाईतर सहा म्हैने कैद हो!"

सखा दवंडीवाल्याची हलगी वाजली तेव्हा मी ओट्यावर अळूची पानं पुसत होते. भाद्रपदाची पौर्णिमा होऊन गेली होती आणि घरोघर पितरांच्या जेवणाची तयारी चालली होती. हातातलं पान तसंच राहिलं. माझा दीर म्हादू गोठ्यातून बाहेर आला आणि म्हणाला, "वैनी, हे काय नवीन? मेल्याला जेवू घालायला बी सरकारची रजा?"

त्या वर्षी आमच्या घरात पहिलाच पक्ष होता, माझ्या नवऱ्याचा. आदल्याच्या आदल्या पौषात राजेसाहेबांनी डुकरांच्या शिकारीसाठी हाका घातला आणि पांगारवाडीतले पुरुष वेठीला धरून नेले. वेठ म्हणजे पैसा नाही, भाकरी नाही. हातात एक काठी आणि एक पत्र्याचा डबा. डबे बडवत रान उठवायचं, आणि सरकार खांबांवर बांधलेल्या माचाणावर बंदूक घेऊन बसणार. डुक्कर माचाणाकडे जायचं सोडून मागे फिरलं. दुपारी म्हादूने आपल्या भावाला घोंगडीत घालून घरी आणला.

दरबारच्या दप्तरात लिहिलं गेलं, 'झाडावरून पडून मयत.' त्या रानात झाड म्हणून नाही, सगळी करवंदाची जाळी. करवंदीवरून पडून कोण मरतं हे दरबारलाच ठाऊक. पण मोरदरीत वेठ नाही असं दरबारने संस्थानांवर नजर ठेवणाऱ्या एजन्सीच्या गोऱ्या साहेबाला लिहून दिलेलं होतं, तेव्हा माझा नवरा झाडावरून पडणं भागच होतं.

वाडीत अशी घरं पुष्कळ होती. घातपाताने गेलेल्यांचा पक्ष घातचतुर्दशीला घालतात, त्यामुळे हाक्यात गेलेल्या सगळ्यांचं पान एकाच दिवशी. चवदस आली की निम्म्या वाडीच्या चुली एका वेळी पेटायच्या. शेजारच्या तान्हूकाकी दवंडी ऐकून धावतच आल्या. त्यांच्या कारभाऱ्याला जाऊन बारा वर्षं झाली होती.

"गोजरे, आता काय गं करायचं? उपाशी ठेवायचं का त्यांना?"

"वकिलाकडं जायचं," मी म्हटलं.

नित्सुरे वकील मोरदरी गावात राहायचे. संस्थानात राजाशी वाकडं बोलणारा हा एकच माणूस, आणि त्यापायी त्यांची वकिली कधी धड चालली नाही. आम्ही बाया त्यांच्या अंगणात जाऊन उभ्या राहिलो, मागे म्हादू. दवंडी काय पिटली ते सांगितलं, तर वकील हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"हसताय काय, वकीलसाहेब?" मी जरा तोडूनच विचारलं.

"बाई, हसू नको तर काय करू. तो पक्ष तुमचा नव्हे, माझा. मी 'प्रजापक्ष' काढलाय ना, त्याच्यासाठी हा कायदा. एजन्सीच्या साहेबानं राजेसाहेबांना विचारलं, तुमच्या प्रजेला पक्ष काढता येतो का? दिवाण खांबेट्यांनी आठ दिवसांत कायदा केला. येतो की, पण नोंदवून. नाव पसंत करणार दिवाण. अध्यक्ष नापसंत करणार दिवाण. सभेला रजा देणार दिवाण, आणि सभेत पहिल्या रांगेत बसणार दिवाणाचा माणूस."

"मग तो पक्ष तुमचा कसला? त्याचाच की."

"तेच म्हणतोय मी. कायद्यात होतं पक्ष 'काढणे'. सख्याला त्याच्या जन्मात पक्ष 'घालणे' एवढंच ठाऊक."

तान्हूकाकींनी सुस्कारा सोडला. "म्हंजी आमच्या पक्षाला काय न्हाई ना?"

"नाही," म्हणता म्हणता वकील थांबले. आत जाऊन छापील कायदा घेऊन आले आणि बोट लावून वाचू लागले. "'पक्ष म्हणजे एका नावाने, एका हेतूने, पाच वा अधिक इसमांनी ठरल्या दिवशी एकत्र जमणे, मग ते बोलण्यासाठी असो वा जेवणासाठी.' हे जेवण माझ्यामुळे आलं. गेल्या वर्षी सभेला रजा मिळेना, म्हणून मी लोकांना पिठलं-भाकरी खायला बोलावलं आणि मधे भाषण केलं. दिवाणानं ती फट बुजवली. आणि बुजवता बुजवता तुमचे बापजादे आत घेतले."

"म्हंजी आमचा पक्ष नोंदवायलाच लागतो?"

"कायद्यानं लागतो. पण कोण विचारतंय? गपचूप घाला."

"गपचूप कशाला? नोंदवूच," मी म्हटलं. "नोंदवताना हेतू लिवत्यात ना?"

"लिहितात."

"मग माझा हेतू लिवून घ्या म्हणावं. सरकारांच्या हाक्यात डुकरानं फाडलेल्या माणसाला जेवू घालायचं. दरबारच्या शाईनं येकदा हे लिवलं जाऊ दे. मग म्हादूला हाक्याला न्यायला येतील तवा तेच त्यांच्या तोंडावर मारता येईल."

म्हादूला नेणार हे नक्की होतं. सर्वपित्री अमावास्येला एजन्सीचे साहेब मोरदरीत यायचे होते. राजेसाहेबांनी प्रजेला पक्ष दिले हे डोळ्यांनी बघायला यायचे होते, आणि त्या आनंदाप्रीत्यर्थ दरबारने त्यांच्यासाठी शिकार ठेवली होती. भाद्रपदात गवत पुरुषभर उंच असतं, डुक्कर दोन हातांवर आलं तरी दिसत नाही. शहाणा माणूस त्या दिवसांत गुरंसुद्धा रानात सोडत नाही. आणि घरात पुरुष म्हणून उरला होता एकटा म्हादू.

"मी पळून जातो," म्हादू म्हणाला.

"पळालास तर घर जप्त होईल," वकील म्हणाले. "मोरदरीत वेठीतून सुटायची एकच वाट आहे, थोरल्या सरकारांच्या वेळेपासूनची. ज्याच्यावर खटला चालू तो न्यायाधीशाच्या ताब्यातला. त्याला वेठीला धरत नाहीत. कोणाची तरी कोंबडी चोर आणि सुखात राहा."

"आमच्या घरात कुणी चोरी केली न्हाई, वकीलसाहेब."

"म्हणून तर वेठीला जाता," वकील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या कचेरीत गेलो. दिवाण खांबेटे बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. त्याला कधी कोणी ओरडताना ऐकलं नव्हतं, आणि त्याचीच लोकांना भीती वाटायची. आमचं म्हणणं ऐकून तो गोड हसला.

"अगं बायांनो, तो पक्ष निराळा, हा निराळा. जा घरी, वडे तळा."

मागे नित्सुरे वकील उभे होते. "तसं कायद्यात घाला, दिवाणसाहेब. पान मांडून जेवले तर तो पक्ष नव्हे, एवढं एक वाक्य. मीही माझी सभा भाद्रपदात घेत जाईन."

दिवाणाचं हसू मावळलं. "कायदा सरकारांच्या सहीचा आहे. त्यात अक्षर बदलणार नाही."

"मग आमचं पक्ष नोंदवा," मी म्हटलं. "आन एक इच्यारते, रागावू नका. थोरल्या सरकारांचा पक्ष परवा राजवाड्यावर झाला, पंगतीवर पंगती उठल्या. त्याची नोंद केली का? का सहा म्हैने कैद आमालाच?"

कारकुनाचा टाक थांबला. दिवाणाने माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. एवढ्या वर्षांनीही ती नजर माझ्या अंगावर आहे. माणसाकडे बघतात तशी ती नव्हती, दारात आडव्या बसलेल्या गुराकडे बघतात तशी होती.

"बरं," तो म्हणाला. "नोंदवू. कारकून, लिहा. पक्षाचं नाव?"

मी गप्प.

"नाव, बाई. ज्याचा पक्ष त्याचं नाव. नावाशिवाय नोंद कशी होईल?"

आमच्यात बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही यमकात गुंडाळून. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. मेलेल्याचं आणखी काय कमी व्हायचं होतं? हे मला त्या क्षणीही कळत होतं. पण जीभ टाळ्याला चिकटली ती सुटेना. आईने, सासूने, सगळ्या गावाने लहानपणापासून जिथे कुलूप घातलं होतं, ते कुलूप मला कचेरीत उभ्या उभ्या उघडता येईना.

"मी सांगतो," वकील पुढे झाले.

"नाही. कलम सहा. नाव पक्ष घालणाऱ्यानं स्वतः सांगावं," दिवाण म्हणाला. 'घालणाऱ्यानं' म्हणाला तो, मुद्दाम. मग त्याने तान्हूकाकींना विचारलं. त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या शेजारणीला विचारलं, तिनेही. एकेकीला विचारत गेला आणि एकेक मान खाली जात गेली. कारकून खुसखुसला, "उखाणा घ्या हवं तर."

"ज्याला नाव नाही तो पक्ष नाही," दिवाण हळूच म्हणाला. "बिननावाच्या पक्षाला नोंद नको न् रजा नको. घाला जेवायला. सख्याला सांगा, तशी दवंडी पिट."

बाहेर पायरीवर वकील म्हणाले, "बाई, एका परीनं तुम्ही जिंकलात. त्याला दवंडी फिरवायला लावलीत."

"काय जिंकलं?" मी म्हटलं. "आधी झाडावरनं पाडला. आता बिननावाचा केला. डुकरानं मारला न्हाई, वेठीला न्हेला न्हाई, आता जलमलाच न्हाई."

माझा राग दिवाणावर होता आणि माझ्या मुक्या जिभेवरही होता. घरी येऊन मी गोठ्यात जाऊन, कोणी ऐकत नाही असं बघून ते नाव घ्यायचा प्रयत्न केला. म्हशीपुढेही आलं नाही.

चवदशीला आम्ही घरोघर पानं मांडलीच नाहीत. भैरोबाच्या देवळापुढे मोठं अंगण आहे, तिथे सगळ्यांनी मिळून पक्ष घातला. हाक्यात गेलेल्या प्रत्येकाचं एक पान, आणि पाठीमागे सगळ्या घरांतले पुरुष पंगतीला. खीर, वडे, अळूचं फदफदं, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. नित्सुरे वकील पंगतीच्या टोकाला बसले होते. कावळ्याने पान शिवेपर्यंत माणसं हात जोडून उभी राहतात, गेलेल्याची काय इच्छा राहिली ते विचारतात, वचनं देतात. आमचे कावळे एवढे भुकेले, की आम्ही हात मागे घ्यायच्या आत तुटून पडले. वचन द्यायलाच मिळालं नाही. म्हादू म्हणाला, "दादाला घाई दिसती." त्या दिवसात पहिल्यांदा मी हसले.

पंगत बसली, पहिला वडा मोडला, तेवढ्यात इंगळे फौजदार शिपाई घेऊन अंगणात आला. शिपायांच्या खांद्यावर दावी होती, गुरं बांधायची.

"बरं झालं, समदे एका जागी घावलात," तो म्हणाला. "उद्याच्या हाक्याला चला. रातीच रानाच्या कडंला मुक्काम हाय. उठा."

"जेवू तरी द्या त्यांना," तान्हूकाकी म्हणाल्या.

"साहेब पहाटं माचाणावर बसणार. जेवणं नंतर."

नंतर म्हणजे केव्हा, हे माझ्या नवऱ्यालाही असंच कोणी सांगितलं असेल. एका शिपायाने म्हादूच्या दंडाला धरून उठवलं. त्याचा खरकटा हात तसाच हवेत राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि घोंगडी घेऊन दारात उभा राहिलेला दोन वर्षांपूर्वीचा म्हादू मला दिसला. ह्या खेपेला ह्याची घोंगडी कोण आणणार होतं?

वकील उठले. "फौजदार, हा पक्ष आहे. पितरांचा. यातून माणूस उठवत नाहीत."

"पक्ष?" फौजदार हसला. "वकीलसाहेब, दवंडी तुमीच पिटवलीत. नाव न्हाई तो पक्ष न्हाई. सांगा की, काय नाव ह्या पक्षाचं? न्हाई ना? मग ही नुसती जेवणारी माणसं. बांधा रे."

दाव्याचा फास म्हादूच्या मनगटावर पडला. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नाव नाही तर पक्ष नाही. पण नाव असलं तर?

मी पदर खोचला आणि फौजदाराच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"काय इच्यारलंत? पक्षाचं नाव?"

"हां. सांगतीस?"

"बयाजी संतू पांगारे," मी म्हटलं.

तान्हूकाकींनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं होतं जीभ झडेल. झडली नाही. उलट तोंडात गोड चव आली, खरं सांगते.

"ह्या पक्षाला नाव हाय," मी म्हटलं. "पाचाच्या वर माणसं हायती, ठरल्या दिवशी जमल्यात आन जेवत्यात. नोंद न्हाई केली. गुन्हा झाला न्हवं? म्हादू ह्या पक्षातला. धरा त्याला, आन भरा खटला."

फौजदाराला काही उमगेना. वकिलांना उमगलं. त्यांनी खिशातून छापील कायदा काढला. "फौजदारसाहेब, गुन्हा तुमच्या डोळ्यांदेखत घडला आणि बाईनं कबूल केला. आता हे आरोपी, न्यायाधीशाच्या ताब्यातले. यातला एक जरी हाक्याला नेलात तर मी उद्या तुमच्यावर अर्ज करतो. थोरल्या सरकारांचा रिवाज तुम्ही मोडलात म्हणून."

"एकटा म्हादू धरतो मग. बाकीचं चला."

तेव्हा तान्हूकाकी पुढे आल्या. बारा वर्षं वैधव्य काढलेली साठीची बाई म्हणाली, "हणमा रावजी पांगारे. ह्योबी पक्ष हाय." तिने आपल्या मुलाचा हात धरून त्याला शिपायापुढे ढकललं. "ह्यो त्यातला."

मग तिची शेजारीण. मग तिच्यापलीकडची. एकेक बाई आपल्या पानापाशी उभी राहिली आणि जन्मात कधी न घेतलेलं नाव घेऊन आपला मुलगा, दीर, भाऊ फौजदाराच्या हवाली करत गेली. कोणी पुटपुटली, कोणी ओरडली, एकीने तर सवयीने उखाण्यातच घेतलं. वाडीत एक पुरुष हाक्यासाठी उरला नाही. जी दावी रानाकडे जायची होती ती तुरुंगाकडे गेली, आणि पक्ष घालणाऱ्या म्हणून आम्ही बायाही मागोमाग चाललो. वकील वाटभर शिपायांना वडे वाटत होते.

अमावास्येला साहेब माचाणावर बसले. रानात डबा वाजला नाही. दुपारी ते तणतणत कचेरीत आले तेव्हा आम्ही सगळे आरोपी म्हणून तिथेच उभे होतो. साहेबाला मराठी येत होतं, मोडकं पण येत होतं.

"हाक्याची माणसं कुठे?" त्याने विचारलं.

"ही काय," वकील म्हणाले. "अटकेत आहेत."

"गुन्हा काय?"

वकील म्हणाले, "पक्ष काढला, साहेब."

ज्या माणसाला मोरदरीत पक्ष निघालेले दाखवायला बोलावलं होतं, त्याने दिवाणाकडे वळून बघितलं. "आरोप वाचा," तो म्हणाला.

कागद फौजदाराने लिहिला होता. गुन्ह्याच्या कागदात हेतू लिहावाच लागतो, आणि आदल्या संध्याकाळी मी त्याला सांगितला तसाच त्याने लिहिला होता. दिवाणाने कागद हातात घेतला आणि त्याच्या त्या हळू आवाजात वाचला, "पक्षाचे नाव, बयाजी संतू पांगारे. हेतू, सरकारांच्या हाक्यात वेठीने नेला असता डुकराने फाडून मयत झालेल्या सदर इसमास जेवू घालणे."

खटला पुढे इतका लांबला की रानातलं गवत वाळून गेलं आणि म्हादूच्या अंगाला कोणी हात लावला नाही. पण त्या घटकेला मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी एवढंच ऐकत होते की ते नाव त्या माणसाच्या तोंडून आलं.

"मला नीट ऐकू आलं न्हाई, दिवाणसाहेब," मी म्हटलं. "नाव पुन्हा वाचा."